घोरणारं कार्ड आणि खाणाऱ्या अळ्या

"दादा, ह्यातलं कुठलं कार्ड घोरत न्हाय?"

मी विचारलं. अगदी हर्षालीनं शिकवलेल्या शब्दांत, मोठ्यानं, काउंटरवर दोन्ही हात टेकवून. धाराशिवच्या 'शिवशंकर कॉम्प्युटर्स'मध्ये जेवढी माणसं होती ती सगळी माझ्याकडं वळली. प्रिंटरमध्ये शाई भरून घ्यायला आलेल्या एका सरांनी चष्मा वर केला. माझ्यामागं हर्षाली आणि श्रीदेवी ओढणीत तोंड खुपसून उभ्या होत्या, आणि त्या हसतायत हे नुसत्या खांद्यांवरून कळत होतं.

मागच्या वर्षीची मी असते तर तिथंच विरघळले असते. तेव्हा मला हजेरीला 'हजर बाई' म्हणायचंसुद्धा दडपण यायचं. पण यंदा नववीत आल्यावर स्नेहसंमेलनात निवेदन करणारी मुलगी ऐनवेळी तापानं पडली, बाईंनी माईक माझ्या हातात कोंबला, आणि तेव्हापासून माझा आवाज जो सुटला तो परत बसलाच नाही. पप्पा म्हणतात, तो माईक शाळेनं परत घेतलाय का ते एकदा जाऊन बघायला पाहिजे.

पैज साधी होती. मी असं विचारलं तर बसस्टँडवरची भजी हर्षालीकडून, नाही विचारलं तर माझ्याकडून.

दुकानाचे मालक शिवशंकरदादा मात्र हसले नाहीत. त्यांनी हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला आणि डॉक्टर विचारतात तसं विचारलं, "सध्या कुठलं घोरतंय?"

मग मी सांगितलं. माझा कॉम्प्युटर म्हणजे सोलापूरच्या शंतनूदादाचा, माझ्या मामेभावाचा, ऑफिसातून निघालेला जुना डबा. त्यात त्यानं एक जुनं ग्राफिक्स कार्ड बसवून दिलं होतं. गेम सुरू केला की त्याचा इवलासा पंखा असा ओरडतो की आमच्या जळकोटात पिठाची गिरणी चालू झाली असं वाटून शेजारची काकू एकदा डबा घेऊन आली होती.

"मग हेडफोन लाव की," सर म्हणाले. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

"माझ्या कानाचा सवालच न्हाय, सर," मी म्हणाले. "पप्पांना अळ्या ऐकू आल्या पायजेत."

सरांनी चष्मा परत वर केला.

तर अळ्यांचं सांगते. आमच्या घरी रेशमाच्या अळ्या पाळतात. दोन एकर तुती, आणि घराला लागूनच पत्र्याचं शेड. शेडमध्ये मांडणीवर मांडण्या, त्यावर तुतीचा पाला, पाल्यावर हजारोंनी अळ्या. त्यांना दोनच कामं माहीत आहेत, खाणं आणि झोपणं. चार वेळा झोपतात, चार वेळा कात टाकतात, आणि चौथ्या झोपेतून उठल्या की बोटाएवढ्या होऊन अशा खातात की भिंतीपलीकडून ऐकू येतं. चरचर, चरचर, चरचर. वर्गातल्या सगळ्यांनी एकदम चॉकलेटचे कागद सोडावेत तसं. आमच्या घरात त्या दिवसांना 'मोठं खाणं' म्हणतात. ह्या दिवसांत अळीला एक वेळसुद्धा उपास घडला तर कोष पातळ होतो, आणि पातळ कोषाला बाजारात कुणी विचारत नाही.

मग आत जाऊन बघत का नाही? तर शेडचं दार जितकं कमी उघडावं तितकं चांगलं. दार उघडलं की माशी शिरते, ती अळीच्या अंगावर अंडं घालते आणि अळी संपते. आत जायचं तर पाय औषधाच्या पाण्यात बुडवायचे, चप्पल बदलायची, हात धुवायचे. अत्तर, पावडर, अगरबत्ती, तंबाखू सगळं बंद. म्हणून पप्पा आत जात नाहीत, ऐकतात. मधल्या खोलीत शेडच्या भिंतीला बाज लावून पडतात आणि ऐकतात. चरचर चालू म्हणजे पाला आहे. चरचर विरळ झाली की उठायचं, पाला टाकायचा. गावात त्यांच्या कानाचं नाव आहे. श्रीदेवीचे चुलते महालिंगप्पा, त्यांचंही शेड आहे. तेसुद्धा बोलावतात, "रणधीरअण्णा, जरा येऊन ऐकून जावा." पप्पा जातात, भिंतीला कान लावतात, आणि तब्येत सांगतात.

मोठ्या खाण्यात आमच्या घरात मिक्सर बंद, टीव्ही बंद, मधल्या खोलीतला पंखा बंद. आणि माझा कॉम्प्युटर तर सगळ्यात आधी बंद. एकदा त्या ओरडणाऱ्या कार्डामुळं पप्पांना काहीच ऐकू आलं नाही, तेव्हा ते म्हणाले होते, "पुढच्या बॅचला हा डबा घरात दिसला तर भंगारवाल्याला दीन. न्हायतर आवाज न करणारं काय असलं तर आण."

दुसऱ्या वाक्याला मी लोंबकळत होते.

"बजेट?" शिवशंकरदादांनी विचारलं.

"कमी," मी, हर्षाली आणि श्रीदेवी एकदम म्हणालो.

त्यांनी पहिलं काढलं ते सेकंडहँड. दिसायला दणकट, किंमत गोड. मी म्हणाले, लावून दाखवा. त्यांनी काउंटरवरच्या उघड्या कॉम्प्युटरला लावलं, आणि ते खडखडायला लागलं.

"हे जरा वापरलेलं हाय," दादा म्हणाले.

"जरा?" श्रीदेवी म्हणाली. "यव्वा, ह्याला दमा हाय."

दुसरं काढलं ते नवं, छोटं, एका पंख्याचं. स्वस्त होतं, आणि माझ्या जुन्या डब्यात आरामात बसलं असतं. पण मी तीन आठवडे व्हिडिओ बघून अभ्यास केला होता. इतिहासाचा एवढा केला असता तर आईनं पेढे वाटले असते. मी म्हणाले, "दादा, पंखा लहान असला की त्याला जास्त गरगरावं लागतं, मग तो जास्त ओरडतो. दोन मोठे पंखे द्या, ते निवांत फिरतात. खाली ॲल्युमिनियमची जाळी जाड पायजे. गेम नसेल तेव्हा पंखे बंद राहणारं पायजे. आन् त्याला वेगळी पॉवरची वायर लागायला नको, माझा पॉवर सप्लाय म्हातारा हाय."

चष्म्यावाले सर शाई विसरून ऐकत होते.

"शाळा कुठली तुमची?" शिवशंकरदादांनी विचारलं.

"शाळेत हे शिकवत न्हाईत," हर्षाली म्हणाली. "शाळेत ही झोपती."

तिसरं कार्ड त्यांनी आतून आणलं. दोन पंख्यांचं, सगळ्यात नव्या जातीचं नव्हे, मागच्याच्या मागच्या पिढीचं. म्हणून किंमत उतरलेली. आमचा गेम म्हणजे बर्फातून ट्रक चालवायचा. घरासमोरून सोलापूर-हैदराबाद हायवेचे ट्रक दिवसभर जातात आणि आम्ही तिघी आत बसून परदेशातले ट्रक चालवतो. आई म्हणते, "बाहीर जाऊन बघा की फुकटात." पण बाहेरच्या ट्रकांवर बर्फ कुठं पडतो.

तेवढ्यात पप्पा आले. ते रेशीम कार्यालयात पुढच्या बॅचची अंडी सांगायला गेले होते. दारातच त्यांनी चप्पल काढली.

"काका, घालून या, दुकान हाय," शिवशंकरदादा म्हणाले.

"सवय हाय," पप्पा म्हणाले आणि अनवाणीच आत आले.

मी त्यांना कार्ड दाखवलं. दादांनी एक चाचणी लावली, पडद्यावर रंगीत गोळे फिरायला लागले, कार्डाला घाम फुटेल एवढं काम दिलं. पप्पांनी टोपी काढली, वाकले, आणि काउंटरवरच्या कॉम्प्युटरला कान लावला. जसा भिंतीला लावतात तसाच, डोळे मिटून. दुकानातली गिऱ्हाइकं गोल करून उभी राहिली. कुणी हललं नाही.

"न्हाय," पप्पा म्हणाले. "काय सुद्दीक न्हाय."

"बारीक येतोय की, काका," हर्षाली म्हणाली.

"कुठं?"

"सुंय्य असा."

पप्पांनी परत कान लावला. "रस्त्याचा असंल त्यो. हे घ्या बांधून."

मला तर उडीच मारावीशी वाटली. हर्षालीला मी पायावर पाय देऊन गप्प केलं. थोडी घासाघीस झाली, शिवशंकरदादांनी थोडं सोडलं. "घोरलं तर परत आणा," ते म्हणाले. मग आम्ही बसस्टँडवर हर्षालीच्या पैशांची भजी खाल्ली आणि तुळजापूरमार्गे एसटीनं घरी आलो. कार्ड माझ्या मांडीवर होतं. कंडक्टरनं विचारलं, "काय मिठाई का?" मी व्हय म्हणाले. खोटं नव्हतं ते.

घरी कार्ड डब्यात बसेना.

म्हणजे बसलं, पण डब्याचं झाकण लागेना. मी पंख्यांची मापं घेतली होती, वायरचा विचार केला होता, जाडी मोजायची विसरले होते. शेवटी झाकण काढूनच ठेवलं. आई म्हणाली, "उघड्यावर धूळ बसंल," आणि तिनं वरून तिच्या जुन्या साडीचा एक पातळ तुकडा सोडला. माझा कॉम्प्युटर तेव्हापासून नवरीसारखा दिसतो.

पण चालायला काय चालला म्हणून सांगू. बर्फ बर्फासारखा दिसायला लागला. आणि ओरडा गायब. कान देऊन ऐकलं तर नुसती एक मऊ सुरसुर. पप्पांनी अट घातली, "मोठ्या खाण्यात चालवून बघू. मला अळ्या नीट ऐकू आल्या तर डबा ऱ्हाईल. न्हाय आल्या तर परत."

मोठं खाणं सुरू झालं. आमच्या घराची एक गंमत अशी की खोल्यांच्या भिंती वर पत्र्यापर्यंत पोचत नाहीत. वर हातभर फट. म्हणजे मधल्या खोलीत शेडातली चरचरही वरून येते, आणि माझ्या पुढच्या खोलीतला आवाजही वरूनच येतो, पत्र्यावर आपटून दुप्पट होऊन. मी जीव मुठीत धरून ट्रक चालवायचे. हेडफोन लावून, न बोलता, खोकला आला तरी गिळून.

पप्पा बाजेवरून म्हणायचे, "खायल्यात. काय झ्याक खायल्यात यंदा."

मी मनातल्या मनात दोन्ही पंख्यांचे मुके घेत होते.

रविवार आला. हर्षाली आणि श्रीदेवी जेवण करूनच आल्या. आई लांबच्या रानात पाला तोडायला गेली होती. पप्पा बाजेवर. आम्ही आळीपाळीनं ट्रक चालवत होतो, खुणांनी भांडत होतो. श्रीदेवीनं ट्रक दोनदा नदीत घातला आणि दोन्ही वेळा खुणेनं सांगितलं की नदीच मधे आली. मधूनच पलीकडून पप्पांचा आवाज यायचा, समाधानी, अर्धा झोपेतला. "खायल्यात बग. दमत न्हाईत लेकाच्या."

आणि लाईट गेली.

पडदा काळा झाला. पंखे फिरत फिरत थांबले. घरात अशी शांतता झाली की हायवेवरच्या ट्रकाचा गिअर बदललेला ऐकू आला.

पलीकडं बाज करकरली. "थांबल्या," पप्पा म्हणाले.

मग धावण्याचा आवाज, औषधाच्या पाण्यात पाय बुडवल्याचा आवाज, दाराची कडी. मी मागोमाग गेले, पाय बुडवले, आत शिरले.

मांडण्यांवर पाला नव्हता. एक पान नव्हतं. नुसत्या काड्या, शिरासुद्धा कुरतडलेल्या. आणि अळ्या काड्यांवर उभ्या राहून डोकी हवेत हलवत होत्या, इकडं तिकडं, शाळेत खिचडीची घंटा झाल्यावर आम्ही रांगेत मान काढायचो तशा. काही तर मांडणीच्या कडेवरून खाली निघाल्या होत्या. पाला संपून बराच वेळ झाला होता. हे कळायला कुठल्या अनुभवाची गरज नव्हती.

पप्पा मधोमध उभे होते. "आत्ता तर खात हुत्या," ते म्हणाले. "म्या ऐकलं."

आम्ही पाला टाकायला लागलो. आईनं सकाळी तोडून ओल्या पोत्याखाली ठेवलेला होता तो सगळा. फांद्या अंथरल्या तशा अळ्या तुटून पडल्या, आणि चरचर सुरू झाली. खरी चरचर. मी इतक्या जवळून किती दिवसांत ऐकली नव्हती. ती सलग नसतेच. तिला टोकं असतात, गाठी असतात, कधी इकडून जास्त, कधी तिकडून. पंख्याची सुरसुर गुळगुळीत असते, तेल लावल्यासारखी. दोन्हींत कुणाचाही गोंधळ होणार नाही.

कुणाचाही म्हणजे कुणाचाही नाही, असं मला तेव्हा वाटलं.

बाहेर येऊन पप्पा कारण शोधायला लागले. लाईट जाण्यानं अळ्या थांबतात का? आजवर कधी थांबल्या नव्हत्या. मग त्यांचं नाक हर्षालीकडं वळलं.

"तू सेंट मारलास व्हय गं?"

"जरासा, काका," हर्षाली म्हणाली. तिनं खरंच मारला होता. ती कुठंही जाताना मारते, शौचालयात जातानासुद्धा.

"तेच. वासानं हैराण झाल्या. त्यानी आदी भराभरा खाऊन टाकलं आन् मग थांबल्या."

"अळ्या घाबरून जास्त खातात व्हय?" श्रीदेवीनं हळूच विचारलं.

"मी तरी खाते," हर्षाली म्हणाली.

पप्पा बाजेवर जाऊन बसले. तासाभरानं लाईट आली. अळ्यांचं पहिलं पोट भरलं होतं, चरचर मंदावली होती. मला एक खोडी सुचली. खोडीच होती ती तोवर. गेम न लावता पंखे कमीजास्त करता येतात, कॉम्प्युटरमध्ये त्याची एक पट्टी असते. मी ती पट्टी वर सरकवली. सुरसुर वाढली.

"आता परत लागल्या खायला," पलीकडून पप्पा म्हणाले.

हर्षालीनं तोंडावर हात ठेवला. मी पट्टी खाली आणली.

"आता दमल्या वाटतं."

वर.

"ह्ये बग, आता कशा."

श्रीदेवी जमिनीवर आडवी पडून हसत होती. हर्षालीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं. तिनं खुणेनं सांगितलं, अजून एकदा. मी पट्टीवर हात ठेवला, आणि तो हात तसाच राहिला. कारण ह्या वेळी पप्पा पलीकडून म्हणाले, "भैरवी, ऐकायलीस का गं? तुलाबी हळूहळू कळंल. कान तयार व्हावा लागतो."

त्या आवाजात एवढा अभिमान होता की मी पट्टी सोडली आणि कॉम्प्युटर बंद केला.

आम्ही तिघी बाहेर तुतीच्या बांधावर जाऊन बसलो.

"सांगू नकोस," हर्षाली म्हणाली. "अगं, तू जिंकलीस. काका स्वतः म्हणतायत आवाज येत न्हाय. कार्ड ऱ्हायलं, गेम ऱ्हायला. तुला काय पायजे अजून?"

"आन् अळ्या?" श्रीदेवी म्हणाली.

"मी काय अळ्यांच्या बाजूनं न्हाय."

"माझे काका त्यांना बोलावतात ऐकायला," श्रीदेवी म्हणाली. "मागच्या बॅचला आमचे निम्मे कोष पातळ निघाले. काका म्हणले, पाल्यातच दोष."

हर्षाली गवताची काडी चावायला लागली.

"सांगितलं तर काय हुईल?" तिनं विचारलं.

मी विचार केला. सांगितलं तर एक तर कार्ड परत जाईल आणि डबा भंगारात. किंवा पप्पांना कळेल की त्यांना पंखा आणि अळ्या ह्यांतला फरक ऐकू येत नाही. आणि मग ते महालिंगप्पांच्या भिंतीला कान लावायला जाणार नाहीत, कुणाच्याच जाणार नाहीत, आणि बाजेवर पडून काय करतील ते मला माहीत नव्हतं. पहिलं मला चालणार नव्हतं. दुसरं तर त्याहून.

त्या दोघी गेल्या तेव्हा आई पाल्याचा भारा घेऊन आली. मी भारा उतरवायला गेले आणि तिला हळूच सांगितलं. सगळं, पट्टीसकट. मला वाटलं ती मला एक ठेवून देईल.

तिनं भाऱ्याची दोरी सोडली. "मला ठाव हाय," ती म्हणाली.

"काय ठाव हाय?"

"टीव्ही लावला की बघत न्हायस का, आवाज कुठवर न्हेत्यात. मळणीयंत्राशेजारी आयुष्य गेलं त्यांचं. दोन-तीन बॅच झाल्या. मी आपली शेडात चुना टाकायच्या नावानं डोकावून येते दर दुपारी. पाला सरला असला की म्हणते, अहो, आवाज कमी झाला जणू. मग ते म्हणत्यात, व्हय, मी तेच म्हणणार हुतो. आज लांब गेल्ते पाल्याला, न्हाय जमलं."

माझ्या आईला खोटं बोलता येतं हे मला नववीपर्यंत कळलं नव्हतं.

"मग आता?"

"आता काय. उद्यापासनं लांब जायाचं न्हाय. पण जवळचा पाला सरत आलाय," आई म्हणाली आणि भारा पोत्याखाली रचायला लागली.

मी माझ्या खोलीत जाऊन कॉम्प्युटरपुढं बसले. बंदच ठेवला. साडीच्या पदरामागं ते दोन मोठे निवांत पंखे दिसत होते. एवढं शोधून, एवढं घासाघीस करून आणलेलं कार्ड, आणि खोट काय निघाली तर ते पुरेसं ओरडत नाही. जुनं कार्ड बोंबलायचं, पण त्याला कुणी अळी समजलं नसतं. मी शिवशंकरदादांना काय सांगणार होते? दादा, हे जास्तच गुणी निघालं, जरा वांड दाखवा?

मग मी उठले आणि घरभर फिरले. आमच्या घरात धान्याची खोली आहे, मागच्या अंगाला, शेडपासून सगळ्यात लांब. पत्रा खाली आहे, दुपारी भट्टी होते. तिथं कॉम्प्युटर ठेवला तर दोन पंखे काय, चार पंखेसुद्धा बोंबलतील. आणि ज्वारीच्या पोत्यांवर बसून ट्रक चालवावा लागेल. मी एका पोत्यावर बसून बघितलं. टोचतं.

पण शेडाची भिंत तिथून दिसतसुद्धा नाही.

चहाच्या वेळी आई चुलीपुढं होती आणि पप्पा दारात बसून बशीत फुंकर मारत होते. चेहरा उतरला होता. महालिंगप्पांचा फोन येऊन गेला होता, सकाळी या म्हणून, आणि पप्पा त्यांना 'बघू' म्हणाले होते. ते कधी 'बघू' म्हणत नाहीत. म्हणजे त्यांना सेंटाचं स्वतःलाच पटलं नव्हतं.

मी दोघांच्या मधे जाऊन उभी राहिले. स्नेहसंमेलनात उभी राहिले होते तशी, पाय जुळवून. आईनं माझ्याकडं बघितलं आणि तिचा हात चहाच्या गाळणीवर थांबला. काय बोलणार ही, असं तिच्या डोळ्यांत स्पष्ट होतं. पप्पांनी विचारलं, "काय? माईक पायजे का?"

"न्हाय पप्पा, तुमी दोघं नुस्तं ऐका," मी म्हणाले. "म्या ठरवलंय. कार्ड परत द्यायचं न्हाय, पण कॉम्प्युटर आजच धान्याच्या खोलीत न्यायचा, तिथं तो किती का ओरडंना. मधल्या खोलीत, शेडच्या भिंतीपाशी, माझं टेबल लावायचं. शाळेतनं आल्यावर अभ्यास तिथंच, आन् ऐकायचं काम माझं. सुट्टीच्या दिवशी दिवसभर माझं. आईनं लांबच्या पाल्याला तवाच जायाचं. पाला सरला की मी तुमाला हाक मारणार आन् तुमी येऊन सांगायचं, मी बरोबर ऐकलं का चूक. उद्या सकाळी महालिंगप्पांकडं जाताना मलाबी घेऊन चला, भिंतीला कान तुमीबी लावा, मीबी लावते. मला तुमचं काम शिकायचंय, पप्पा, आन् ते ह्याच बॅचपासनं."